वाशिममध्ये वीस वर्षं टिकणारा पत्रा श्रीवर्धनला पाच वर्षांत का गंजतो?

मे २०२५ मध्ये माझ्या कॉलेजच्या रूममेटने व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले. घर श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर. पश्चिमेकडच्या भिंतीवर मारलेला निळा पत्रा. पहिल्या फोटोत प्रत्येक स्क्रूखाली तांबडे ओघळ. दुसऱ्यात पत्र्याची खालची कड पापडासारखी सुटलेली. तिसऱ्यात त्याचं बोट पत्र्यातून आरपार. खाली एकच ओळ होती: "तूच सांगितला होतास ना हा?"

हो, मीच सांगितला होता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या हजारो घरांसारखीच त्याच्याही घराची कौलं आणि भिंतीवरचं आच्छादन गेलं. पावसाळा संपल्यावर नवीन पत्रे घ्यायचे होते, तेव्हा त्याने मला फोन केला. मी किन्हीराजाचा. आमच्याकडे त्याला टिन म्हणतात. ढोरांच्या कोठ्यावरची आमची टिनं वीस वर्षांची आहेत आणि अजून एकाही टिनाला भोक नाही. मी बिनधास्त सांगितलं, "हाच घे, आमचा अनुभव आहे."

अनुभव खरा होता. फक्त तो समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून लांबच्या गावातला होता.

आधी तुमच्या फोनचं उदाहरण

तुमच्या फोनवर आयपी६८ लिहिलं असेल तर तो पाण्यात पडला तरी चालतो, असं आपण समजतो. पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नसते. म्हणूनच फोन चुकून समुद्रात भिजला तर तो साध्या पाण्याने धुवा, असं कंपन्या सांगतात.

पत्र्याचंही असंच आहे. "गंजरोधक" हा शब्द कुठल्या हवेसाठी आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि ही हवा मोजण्याची पद्धत आहे.

सी२ आणि सी५ ची भानगड

आयएसओ ९२२३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक हवेची गंजण्याच्या दृष्टीने प्रतवारी करतं. सी१ म्हणजे जवळपास निरुपद्रवी, सी५ म्हणजे फार वाईट, आणि त्याच्याही वर सीएक्स. प्रत्येक प्रतीत वर्षाला किती मायक्रॉन धातू खाल्ला जातो, त्याचे आकडे दिलेले आहेत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता हिशेब करू. साध्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मालावर तो बऱ्याचदा १२० जीएसएमचा असतो, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम. इथे पहिली गंमत आहे. हे १२० ग्रॅम दोन्ही बाजूंचे मिळून असतात. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे साधारण ८.४ मायक्रॉन.

किन्हीराजासारख्या कोरड्या, कारखान्यांपासून लांबच्या गावाची हवा सी२ धरली तर जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन जातं. म्हणजे तो थर कमीत कमी बारा वर्षं टिकतो, आणि बऱ्याचदा त्याच्या कितीतरी पुढे.

सी५ मध्ये हाच आकडा वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन आहे. म्हणजे तोच थर एक ते दोन वर्षांत साफ.

पुढे उघडं पडतं ते पोलाद. सी५ हवेत ते वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन जातं. रूममेटचा पत्रा ०.३५ मिलिमीटरचा, म्हणजे ३५० मायक्रॉन. वरच्या रंगामुळे सुरुवातीला थोडा वेळ मिळाला असणार. तरी बोट आरपार जायला साडेचार वर्षं लागली, हे गणितात बसतंच.

(हे आकडे पहिल्या वर्षाचे आहेत, पुढे वेग सहसा थोडा कमी होतो. पण दोन गावांतला फरक किती मोठा आहे, हे कळायला एवढं पुरे.)

मीठ नेमकं करतं काय?

लाटा फुटतात तेव्हा बारीक थेंब हवेत उडतात. वारा ते आत आणतो, पाणी उडून जातं आणि मीठ पत्र्यावर बसतं. मीठ हवेतली ओल ओढतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ स्वतःच पाणी होऊ लागतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचे गोळे होतात, तेच इथे भिंतीवर चाललेलं असतं. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. त्यातले क्लोराइड कण धातूवरचा संरक्षक थर फोडतात आणि गंज आत शिरतो.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. जिथे पावसाचं पाणी थेट लागतं, तो भाग तुलनेने चांगला राहतो, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. आधी गंजतो तो वळचणीखालचा, पाऊस न लागणारा भाग. रूममेटच्या फोटोतही पत्र्याची वरची, छपराखालची पट्टी मधल्या भागापेक्षा वाईट होती. आपण मात्र तो भाग "सुरक्षित" समजून त्याच्याकडे बघतही नाही.

दुकानदाराला काय विचारायचं?

आपण पत्रा घेताना रंग, जाडी आणि फुटाचा भाव विचारतो. किनाऱ्यावर या तिन्हींपेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला, थर कसला आणि किती? साध्या जस्ताऐवजी अॅल्युमिनियम-जस्ताचा थर मिळतो. बाजारात त्याला सरसकट गॅल्व्हल्यूम म्हणतात. त्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम, साधारण ४३.५ टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. एझेड१५० म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १५० ग्रॅम. हा थर हलका असल्याने एका बाजूला साधारण २० मायक्रॉन भरतो, आणि खारट हवेत तेवढ्याच जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. साधं जस्तच घ्यायचं असेल तर निदान २७५ जीएसएम बघा.

दुसरा, सांगितलेली जाडी कशाची? थर आणि रंग धरून की आतल्या पोलादाची? ०.५० मिलिमीटर म्हणून विकलेल्या पत्र्यात आतलं पोलाद ०.४५ च्या आसपास निघू शकतं. यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही, मोजायच्या दोन पद्धती आहेत. पण दोन दुकानांचे भाव लावून बघताना मोजमाप एकच हवं.

तिसरा, मागची बाजू कशी आहे? समोर झकास रंग आणि मागे नुसता पातळ हात, असं बहुतेक पत्र्यांचं असतं. भिंतीवर पत्रा मारला की मागे ओल कोंडते आणि तिथे पाऊस धुवायला येत नाही.

चौथा, वॉरंटी समुद्रापासून किती अंतरापर्यंत? अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत किनाऱ्याजवळची घरं वगळलेली असतात. हे बारीक अक्षरात असतं. फोटो काढा, झूम करा, वाचा.

तुमचा फोन इथे आणखी एका कामाला येतो. ब्रँडेड पत्र्यावर कंपनीचं नाव, जाडी आणि थराची प्रत छापलेली ओळ असते. तिचा फोटो बिलासोबत जपून ठेवा. आयएसआय चिन्हाजवळचा लायसन्स नंबर सरकारच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला तर तो खरा आहे की नाही, ते कळतं.

पत्रा चांगला, स्क्रू भंगार

निम्म्या घरांत घोळ इथे होतो. महागाचा पत्रा आणतात आणि तो साध्या, नुसती जस्ताची झिलई दिलेल्या स्क्रूने मारतात. स्क्रू आधी गंजतो, त्याचं भोक मोठं होतं, रबर वॉशर सैल पडतो आणि पुढच्या वादळात पत्रा उडतो. लोक म्हणतात, वाऱ्याने नेला. वाऱ्याच्या आधी काम स्क्रूने केलेलं असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नट-बोल्ट गंजल्याचं कळवलं होतं. कोसळण्यामागे रचनेचे आणि वेल्डिंगचे प्रश्नही चर्चेत आले, त्यामुळे सगळा दोष एकट्या गंजावर ढकलता येणार नाही. पण नऊ महिन्यांत बोल्ट एवढे गंजतात, हे तेव्हा अख्ख्या राज्याला दिसलं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी तेव्हा म्हणाले होते की स्टेनलेस स्टील वापरलं असतं तर पुतळा पडला नसता. मुंबईतले उड्डाणपूल बांधताना गंजरोधक म्हणून लेप दिलेल्या सळ्या आपल्या गळ्यात मारल्या गेल्या, हेही त्यांनी सांगितलं.

पण म्हणून घराच्या पत्र्याला सरसकट स्टेनलेस स्क्रू मारा, असंही नाही. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले की त्यांची छोटी बॅटरी होते आणि त्यातला कमजोर धातू झिजतो. जस्ताच्या थराला स्टेनलेस स्क्रू लागला तर भोकाभोवतीचा थर लवकर जाऊ शकतो. म्हणून पत्र्याच्या कंपनीने किनाऱ्यासाठी सुचवलेलाच स्क्रू घ्या, वॉशर चांगल्या रबराचा घ्या. आणि फॅब्रिकेटरला ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा थर जळतो, लोखंडाचे गरम कण रंगात रुततात आणि महिन्याभरात तिथे तांबडे ठिपके येतात. कात्रीने कापायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

जुनं घर काय करत होतं?

रूममेटची आजी सांगायची, पूर्वी पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. झड झापांवर यायची, भिंत कोरडी राहायची. पावसाळा संपला की झाप काढायचे आणि पुढच्या वर्षी नवीन विणायचे. आतली भिंत जांभ्याची, तिला गंजायचा प्रश्नच नाही.

मला वाटतं, खरा फरक इथे आहे. झाप दरवर्षी बदलायचेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोनला अपडेट येतात तसं ते ठरलेलं काम होतं. पत्रा आला आणि एकदा पैसे टाकले की सुटलो, असं वाटायला लागलं. आमच्या वाशिमला ते बरंचसं खरंही आहे. समुद्राजवळ नाही. तिथे पत्र्यालाही वर्षाचं काम लागतं: पावसाळा संपला की आणि पुन्हा उन्हाळ्यात साध्या पाण्याने धुणं, वळचणीखालची बाजू तर आवर्जून. स्क्रू तपासून गंजलेले बदलणं. ओरखड्यांना रंग लावणं. नवीन पत्रा मारताना भिंत आणि पत्रा यांत हवा खेळेल एवढी जागा सोडणं, आणि खालची कड जमिनीपासून वर ठेवणं.

सरकारी हिशेबात समुद्र कुठे आहे?

काँक्रीटच्या बाबतीत आपल्या नियमांना समुद्र माहीत आहे. आयएस ४५६ नुसार सौम्य हवेत सळीवर २० मिलिमीटरचं काँक्रीटचं आवरण चालतं, किनाऱ्यावर ४५ लागतं. काँक्रीटची प्रतही एम२० ऐवजी किमान एम३० हवी.

मदतीच्या रकमेत मात्र हा फरक दिसत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार. समुद्रकिनारा असा वेगळा वर्गच नाही. निसर्गनंतर राज्याने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत दीड लाखांवर नेली, ते चांगलंच झालं. पण पंचनाम्यात पत्रे किती गेले हे लिहितात. नवीन पत्रे कुठल्या प्रतीचे लागतील, हे कोणी लिहीत नाही. हातात ठरावीक रक्कम आणि डोक्यावर आभाळ असताना माणूस सगळ्यात स्वस्त पत्राच घेणार. मग तो पाच वर्षांत जातो आणि पुढच्या वादळाच्या पंचनाम्यात पुन्हा मोजला जातो. निसर्गनंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकणाजवळून गेलंच होतं.

किनाऱ्यापासून ठरावीक अंतरातल्या घरांना थोडी जास्त रक्कम, आणि अंदाजपत्रकात थराची प्रत आणि स्क्रूचा प्रकार लिहिणं बंधनकारक, एवढं केलं तरी बराच फरक पडेल. यासाठी कुठलं नवीन तंत्रज्ञान लागत नाही.

मग रूममेटने काय केलं?

या वेळी मी "आमचा अनुभव" सांगितला नाही. आम्ही व्हिडिओ कॉलवर दुकानात बसून पत्र्यावरची ओळ वाचली. भिंतीसाठी त्याने अॅल्युमिनियम-जस्ताचा एझेड१५० पत्रा घेतला, स्क्रू कंपनीने सांगितलेले. एकूण खर्च वाढला म्हणून मागच्या पडवीचं काम पुढच्या वर्षावर ढकलावं लागलं. तिथे सध्या जुनाच पत्रा आहे, भोकांसकट. त्याच्या वडिलांनी त्यावर आतून झाप बांधलेत.

दिवाळीच्या सुट्टीत तो पाइप लावून भिंत धूत होता, तो व्हिडिओ त्याने मला पाठवला. मी गावी होतो. आमच्या कोठ्यावरची टिनं मी आजवर एकदाही धुतलेली नाहीत, आणि तशी गरजही पडलेली नाही. तुमचं घर समुद्राजवळ असेल तर पत्र्याबद्दल माझ्यासारख्याचा सल्ला घेण्याआधी, तो राहतो कुठे, ते विचारा.