पायाला न कळणारी झीज

बजाजची चेतक स्कूटर 1972 साली आली आणि पुढची तीन दशके पुण्याच्या पेठांतील व्यापाऱ्याचा उजवा हात होऊन राहिली. भवानी पेठेतील पेढी असो वा लक्ष्मी रस्त्यावरील कापडाचे दुकान, ज्या घरांतील वडीलधारी मंडळी चेतकवरून वसुलीला जात, त्या घरांत ब्रेकविषयी एक समजूत आजही पक्की आहे. पेडल खोल जाऊ लागले की मेकॅनिकला सांगून ते ‘टाईट’ करून घ्यावे, एवढीच ती समजूत. चेतकच्या बाबतीत ती बरोबरही होती. ड्रमच्या आत लायनर झिजला की पाय अधिक खाली जाई. मेकॅनिक एक नट दोन-तीन आटे फिरवी आणि ब्रेक पुन्हा जागेवर येई. झीज पायाला आपोआप कळत असे.

आज त्याच घरातील मुलगा चालवतो त्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला डिस्क असू शकते, आणि तिथे ही समजूत धोक्याची ठरते. डिस्क ब्रेकमध्ये पेडल दाबले की तेलाच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पाय उचलला की पिस्टन पूर्वीच्या जागी परतत नाही. त्याच्याभोवतीचे रबरी सील त्याला केसभरच मागे ओढते. पॅड जितका झिजेल तितका पिस्टन पुढेच राहतो. परिणामी नवा पॅड असताना पेडल जितके खाली जाते, जवळजवळ तितकेच ते पॅड संपत आला तरी जाते. टाईट करायला नट नाही आणि कुरकुर करायला पायालाही काही कारण नाही. लोखंड लोखंडावर घासून खरखर ऐकू येते तेव्हा पॅडचे आयुष्य संपलेले असते आणि तबकडीवर चरे पडू लागलेले असतात. शे-पाचशे रुपयांच्या जागी मग काही हजारांचे बिल येते, आणि तेही गाडी वेळेवर थांबली तर.

झिजेची नोंद मात्र एका ठिकाणी बिनचूक होत असते. मागच्या ब्रेकच्या तेलाची लहानशी डबी बहुतेक गाड्यांना उजव्या बाजूला असते. पॅड झिजतो तसे डबीतील तेल पुढे सरकलेल्या पिस्टनमागची जागा भरते आणि पातळी हळूहळू उतरते. गळती नसताना उतरलेली पातळी म्हणजे झिजलेला पॅड. पण पुष्कळदा पातळी कमी दिसली की वरून तेल ओतून ती भरली जाते. गल्ल्यात रक्कम कमी भरली म्हणून खिशातून नोटा टाकून रोजमेळ जुळवावा, तसलाच हा प्रकार. हिशेब जुळलेला दिसतो आणि तूट कुठे आहे ते शोधायचे राहून जाते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते जादा तेल डबीबाहेर उसळते; आणि ब्रेकचे तेल रंगावर सांडले तर रंग उचलून काढते.

यातही सर्वांत दुर्लक्षित असते ती दुकानाची गाडी. ती कोणा एकाची नसते. सकाळी तिच्यावरून मार्केट यार्डात भाव विचारायला जातात, दुपारी दुकानातील मुलगा माल पोहोचवतो, संध्याकाळी धाकटे चिरंजीव क्लासला घेऊन जातात. खरखर ऐकतो एक आणि पैसे देतो दुसरा. त्यात ब्रेक पेडलवर पाय टेकवून गाडी हाकण्याची सवय एखाद्याला असली की मागचा पॅड पुढच्याआधी संपतो. मालाच्या साठ्यावर बारीक नजर ठेवणाऱ्या पेढीत या गाडीची नोंद बहुधा फक्त पेट्रोलच्या खर्चात सापडते. दुकानातील मुलाने ‘शेठजी, मागून आवाज येतोय’ असे सांगितले, तर ते त्याच दिवशी पाहावे. पगार घेणारा माणूस अशी तक्रार दुसऱ्यांदा सहसा करत नाही.

तपासायला मेकॅनिक लागत नाही. मागे वाकून कॅलिपरच्या फटीत मोबाइलचा उजेड टाकला की तबकडीला टेकलेला पॅडचा काळा थर दिसतो. पुष्कळ पॅडवर एक खाच असते. ती नाहीशी होत आली, किंवा थर एक-दीड मिलिमीटर उरला, की पॅड बदलावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. दोन्ही बाजू पाहाव्यात. एक पॅड जाड आणि दुसरा पार झिजलेला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकत आहे असे समजावे. अशा वेळी नुसते पॅड बदलून भागत नाही. चातुर्मासाच्या तोंडाशी ही पाहणी हमखास करावी, कारण पावसात रस्त्यावरची कच चाकाबरोबर उडून मागच्या पॅडवरच बसते.

सुटे भाग घ्यायला पुणेकर नाना पेठेत जातो. तिथे एकाच गाडीचे पॅड तीन भावांत मिळू शकतात. वेष्टनावरील उत्पादकाचे नाव, कमाल किंमत आणि भागाचा क्रमांक पाहून, पक्के बिल घेऊनच खरेदी करावी. कच्च्या चिठ्ठीवरच्या मालाला दाद कुठे मागायची, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. पॅड नेहमी जोडीने बदलावेत.

काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, पण ते समोर उभे राहून करून घ्यावे. पॅडची पिन आधी सैल करून मग कॅलिपरचे बोल्ट काढावेत. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनरने धुऊन कापडाने टिपावी. डबीचे झाकण उघडून, भोवती फडके गुंडाळून, पिस्टन सावकाश मागे ढकलावा. पॅड बाहेर असताना पेडलला कोणीही पाय लावू नये, नाहीतर पिस्टनच बाहेर येतो. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस बोटाच्या टोकाइतके लावावे. पॅडला किंवा तबकडीला ग्रीसचा, चेनच्या तेलाचा डाग लागता कामा नये. तेल प्यालेला पॅड घासून पुसून सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. तबकडीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. तोही याच वेळी मोजून पाहावा.

सर्व बसवून झाल्यावर राहणारी एक चूक जीवघेणी असते. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पेडल पहिल्यांदा दाबले की ते रिकामे खाली जाते. घाईचे गिऱ्हाईक चावी फिरवून थेट रहदारीत शिरले, तर पहिल्या चौकात मागचा ब्रेक नसतोच. म्हणून गाडी स्टँडवर असतानाच पेडल कडक लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे, चाक हाताने मोकळे फिरते ना ते पाहावे, तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघावे आणि मग गल्लीतच हळू चालवून पाहावी.

तेल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही याच वेळी बदलून घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते. मग दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ पडते. उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनालाच गाडी रोखू द्यावी, हे जुने शहाणपण याच कारणाने टिकले आहे.

नवे पॅड तबकडीशी जुळायला पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जातात. तोवर पकड थोडी कमी असते आणि ब्रेक करकचून दाबायचा नसतो. सकाळी पॅड बदलले आणि दुपारी त्याच गाडीवर दोन पोती बांधून मुलाला सासवडला पाठवायचे असेल, तर ती खेप दुसऱ्या गाडीने जाऊ द्यावी.