देहचोचे वाटाडे

इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाने, पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण आलेले मुंबई बेट १६६८ साली दहा पौंडांच्या सालीना खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, त्यानेच दोन वर्षांनी, १६७० मध्ये, हडसन उपसागराला मिळणाऱ्या यच्चयावत नद्यांचा मुलूख दुसऱ्या एका कंपनीला सनदेने बहाल केला, आणि राजाची स्वारी तेथे येईल तेव्हा दोन एल्क हरणे व दोन काळे बीव्हर नजर करावेत, एवढाच त्याचा खंड ठरविला. ज्या मुलखात क्री, डेने आदी लोक पिढ्यानपिढ्या नांदत होते तो असा कागदावर परस्पर देऊन टाकला गेला. आणि कॅनडाच्या उत्तरेकडील जलमार्गांचा इतिहासही पुढे बहुधा याच सनदी दृष्टीने लिहिला गेला, हे मला अन्यायाचे वाटते.

कारण त्या अरण्यात व्यापाराचा सारा भार वाहिला तो भूर्जाच्या सालीच्या नावेने. सालीचे पत्रे स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवावेत, सांधे त्याच झाडाच्या तापविलेल्या डिंकाने लिंपावेत, आणि खडकावर आपटून नाव फाटली तर काठावरच्या झाडांतूनच डागडुजीचे सामान काढून तिला पुन्हा पाण्यात लोटावे, ही लोखंडाच्या एका खिळ्यावाचून भागणारी विद्या तेथील मूळ रहिवाशांची होती. सुमारे पंचवीस फूट लांबीची अशी नाव दीड टन माल नेई. आणि धबधबा आडवा आला की तीच नाव माणसांच्या खांद्यावर चढे. नव्वद पौंडांचे, म्हणजे सुमारे ४१ किलोंचे, दोन गठ्ठे एकावर एक पाठीवर घ्यावयाचे, त्यांचा चामडी पट्टा कपाळावर ताणावयाचा आणि मान पुढे काढून झपझप चालू लागावयाचे, असा तो हमालीचा क्रम. पीटर पाँड हा व्यापारी १७७८ साली जी मेथायची खुष्कीची वाट ओलांडून अथाबास्काच्या खोऱ्यात उतरला, ती एकटीच सुमारे १९ किलोमीटरांची. आणि ती डेने व क्री लोकांच्या पायाखालची होती.

पुढे ३ जून १७८९ रोजी अलेक्झांडर मॅकेंझी पॅसिफिक महासागराच्या आशेने फोर्ट चिपेवायनहून निघाला व नदीच्या ओघाने उत्तर ध्रुवसमुद्राला जाऊन पोहोचला. त्याच्या धैर्याला मी उणे लेखीत नाही. परंतु व्यापाऱ्यांमध्ये ‘इंग्लिश चीफ’ म्हणून ओळखला जाणारा डेने नायक त्याच्या सोबत होता, वाटेतील वस्त्यांवर दुभाषाचे काम करीत होता. आणि त्या ताफ्यातील स्त्रिया मूस हरणाच्या कातड्याचे जोडे अखंड शिवीत होत्या, कारण एक जोड एका दिवसापलीकडे टिकत नसे. ही नोंद खुद्द मॅकेंझीच्या रोजनिशीतली आहे. मार्गावर पाय शाबूत राहिले ते या सुईदोऱ्यामुळे, आणि सुमारे १,७०० किलोमीटर लांबीच्या त्या नदीला नाव मात्र मिळाले मॅकेंझीचे.

तीरावरचे डेने लोक तिला देहचो, म्हणजे मोठी नदी, म्हणत आले आहेत आणि आजही म्हणतात. आपल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकांत व नकाशांत मॅकेंझी नदी असते. पुढच्या आवृत्तीत तिच्या शेजारी, त्याच टाइपात, देहचो हे नाव छापावे, अशी पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्या मंडळींना माझी आग्रहाची विनंती आहे.