जुने ते सोने, पण कसाला लावून

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सहजपणे वापरतो. परंतु सोनेतारण कर्जाचे काम पाहणाऱ्या कोणाही बँक अधिकाऱ्यास विचारा, सोनेदेखील कसाला लावल्यावाचून कोणी स्वीकारत नाही. दागिन्याची घडण कितीही मोहक असो, मूल्यांकन करणारा सराफ आधी त्याचा कस पाहतो, खडे आणि लाख यांचे वजन वगळतो आणि मगच त्याचे मोल सांगतो. जुन्या, अभिजात स्पोर्ट्स मोटारीच्या खरेदीतही हीच शिस्त हवी, असे माझे ठाम मत आहे.

हा विषय बँकेच्या नियतकालिकात कसा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आयुष्यभर नेटाने बचत केलेली माणसे निवृत्तीनंतर राहून गेलेल्या छंदांकडे वळतात. कोणाची मुले इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली असतात आणि तेथे अशा मोटारींचा बाजार मोठा आहे. गाठीचा पैसा मोडण्यापूर्वी ‘कोणते मॉडेल घ्यावे?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. पत्रा, सुटे भाग आणि कागदपत्रे या तिन्हींची उत्तरे हाती आली, की मॉडेलची निवड बहुधा आपोआप होते. आणि ती निवड सर्वांत देखण्या किंवा सर्वांत वेगवान मोटारीची क्वचितच असते.

तीन उमेदवार

चर्चा नेमकी व्हावी म्हणून ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींच्या बहराच्या काळातील तीन मॉडेल घेऊ. पहिली जॅग्वार ई-टाइप. १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि तिच्या लांबसडक बॉनेटने जगाला वेड लावले. प्रारंभी ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, १९६४पासून ४.२ लिटरचे आणि १९७१पासून बारा सिलिंडरचे, असा तिचा प्रवास १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. सुमारे ७२ हजार मोटारी तयार झाल्या.

दुसरी ट्रायम्फ टीआर ६. १९६८च्या अखेरीपासून १९७६पर्यंत कॉव्हेंट्रीत तयार झालेली, अडीच लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची ही रांगडी मोटार. सुमारे ९४ हजार मोटारींपैकी बहुसंख्य निर्यात झाल्या, त्यातही मुख्यत्वे अमेरिकेला.

तिसरी एमजीबी. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती तयार होत राहिली. तिचे १,७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधेसुधे आहे. उघड्या छताच्या आणि १९६५पासून निघालेल्या बंद छताच्या जीटी मोटारी मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. जाणकारांच्या मैफलीत ती ‘सामान्य’ म्हणून बाजूला सारली जाते. माझे मत मात्र तिच्याच बाजूने आहे, आणि त्याची कारणे भावनिक नसून हिशेबाची आहेत.

पहिला कस : पत्रा

जुन्या मोटारीत इंजिन बिघडले तर ते खोलून दुरुस्त करता येते, त्याचा खर्च आधी अंदाजता येतो. गंजाचे तसे नाही. वरून चकाकणाऱ्या रंगाखाली पत्रा किती खाल्ला गेला आहे, हे तो कापल्याशिवाय पुरते कळत नाही. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची पेटीच सारा भार वाहते. त्यातही दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या हा तिचा कणा होय. त्या गंजल्या, की उघड्या छताची मोटार मधोमध वाकू लागते. मोटार जॅकवर उचलल्यावर दरवाजा नीट लागेनासा झाला, तर सौदा तेथेच थांबवावा. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे.

टीआर ६ला स्वतंत्र चासी आहे, म्हणून ती निर्धोक, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात तिची चासी मागील बाजूस, डिफरन्शियलच्या आसपास, हमखास गंजते आणि ते काम नीट करायचे तर वरची बॉडी उतरवावी लागते. ई-टाइपची घडण तर विमानाच्या धर्तीवरची. पुढील इंजिन नळ्यांच्या चौकटीवर आणि मागील सारी पेटी पत्र्याची. मागचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत. तेथे हात पोहोचवायचा म्हणजे मजुरीचे तास वाढत जातात. सौंदर्याचे मोल खरेदीच्या दिवशी एकदाच द्यावे लागते. गैरसोयीचे मोल दर वर्षी.

येथे आकडेमोड करून पाहावी. समजा, एक एमजीबी ८ हजार पौंडांना मिळते आहे, पण पत्रा खराब आहे. दुसरी १४ हजारांना आहे आणि पत्रा निरोगी आहे. पहिलीच्या पत्रेकामाला व रंगाला १० हजार लागले, तर ती १८ हजारांची झाली आणि वर दोन वर्षे गॅरेजच्या खेपा झाल्या. स्वस्त मोटार महाग पडली. म्हणून ऐपतीत बसणाऱ्या मॉडेलची सर्वांत चांगली मोटार घ्यावी; ऐपतीबाहेरच्या मॉडेलची सर्वांत स्वस्त मोटार कधीही घेऊ नये.

दुसरा कस : सुटे भाग आणि हात

एमजीबी विपुल संख्येने निघाली, हा तिच्या प्रतिष्ठेतील उणेपणा मानला जातो. मालकाच्या दृष्टीने तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. मोटारी भरपूर म्हणून मागणी भरपूर, मागणी भरपूर म्हणून भाग तयार करणारे भरपूर. १९८८मध्ये ब्रिटिश मोटार हेरिटेज या संस्थेने एमजीबीचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा नव्याने तयार करायला सुरुवात केली. बंद झालेल्या मोटारीची अख्खी बॉडी पुन्हा नवी मिळावी, ही दुर्मीळ गोष्ट होय. १९३०मध्ये स्थापन झालेला एमजी कार क्लब आणि १९७३चा एमजी ओनर्स क्लब यांच्या सभासदांत आपल्या अडचणीचे उत्तर ठाऊक असलेला कोणी ना कोणी भेटतोच. टीआर मालकांचीही १९७०पासून टीआर रजिस्टर ही जागरूक संघटना आहे, हे प्रांजळपणे नमूद करायला हवे.

टीआर ६च्या ब्रिटनमधील मोटारींना लुकास कंपनीची यांत्रिक इंधन-इंजेक्शन प्रणाली होती. ती सुस्थितीत असेल तर मोटार झेपावते. परंतु तिची जुळवणी करणारे हात थोडे आहेत. अमेरिकेला गेलेल्या टीआर ६ला त्याऐवजी स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर होते. शक्ती कमी, पण सांभाळायला सोपी. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशातून परत आलेल्या मोटारीचा पत्राही बहुधा चांगला असतो. मात्र तिचे स्टिअरिंग डावीकडे असते. अशी प्रत्येक देवघेव कागदावर मांडूनच निर्णय करावा.

आपल्याकडील वाचकांसाठी येथे एक इशारा आवश्यक वाटतो. ही तिन्ही नावे आज भारतात सुपरिचित आहेत. जॅग्वार २००८पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. एमजी नावाच्या नव्या मोटारी २०१९पासून आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. ट्रायम्फच्या मोटारसायकली २०२३पासून बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार होऊ लागल्या. म्हणून जुन्या मोटारीचे भाग शेजारच्या शोरूममध्ये मिळतील, या भ्रमात राहू नये. ट्रायम्फची मोटार व मोटारसायकल ही घराणी तर १९३६मध्येच वेगळी झाली. नाव टिकते म्हणजे सुटे भाग टिकतात असे नव्हे.

तिसरा कस : कागदपत्रे

घर तारण ठेवताना बँक आधी मालकीहक्काची साखळी तपासते. जुन्या मोटारीचेही तसेच. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीपुस्तक आणि दुरुस्तीची बिले यांचा मेळ बसला पाहिजे. ब्रिटनमध्ये एमजी व ट्रायम्फच्या मोटारींसाठी गेडन येथील ब्रिटिश मोटार म्युझियमच्या दप्तरातून, मोटार कधी व कोणत्या रंगात बाहेर पडली याचे प्रमाणपत्र मिळते. विक्रेता ते मागवायला टाळाटाळ करीत असेल, तर त्याचा अर्थ खरेदीदाराने समजून घ्यावा.

भारतातील कायदाही आता स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. परदेशातून मोटार आणायची असेल, तर आयातधोरण व सीमाशुल्क यांची चौकशी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच करावी. विम्याच्या बाबतीत, पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. ते लेखी ठरवून घ्यावे.

गुंतवणूक की छंद?

आता मुख्य मुद्दा. ‘या मोटारींच्या किमती वाढतच जातात, तेव्हा ही गुंतवणूकच आहे,’ असे विक्रेते आवर्जून सांगतात. दाखल्यादाखल मोठे लिलाव पुढे केले जातात. २०२२मध्ये १९५५ची एक मर्सिडीज ३०० एसएलआर साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, हे खरे आहे. परंतु तशा बनावटीच्या मोटारी जगात दोनच आहेत. त्या किमतीवरून पाच लाखांत एक असलेल्या मोटारीचे भविष्य वर्तवणे म्हणजे कोहिनूरच्या मोलावरून बांगडीचा भाव सांगणे होय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभिजात मोटारींचे भाव भराभर चढले आणि १९९०च्या सुमारास तितक्याच वेगाने कोसळले. कर्ज काढून घेणाऱ्यांच्या हाती मोटार आणि हप्ते दोन्ही उरले.

मुदत ठेव व्याज देते, समभाग लाभांश देतो, घर भाडे देते. मोटार काहीही देत नाही. उलट विमा, निवारा, टायर आणि दुरुस्ती मागते. वापरली नाही तर पेट्रोलच्या नळ्या सुकतात, ब्रेक जाम होतात. आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये २०२१पासून १० टक्के आणि भारतात त्याहून अधिक इथेनॉल पेट्रोलात येऊ लागले आहे. जुन्या रबरी नळ्या व वॉशर ते सोसत नाहीत, म्हणून ते बदलण्याचा खर्च गृहीत धरावा. माझ्या मते खरेदी किमतीच्या किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढल्यावाचून सौदा करू नये, आणि निवृत्तिवेतनाच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावू नये. छंदासाठी छंदाचाच पैसा असावा.

कोणी म्हणेल, एवढा रुक्ष हिशेब मांडायचा तर अशी मोटार घ्यावीच कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि त्यात तथ्यही आहे. टीआर ६चा सहा सिलिंडरचा घनगंभीर आवाज किंवा ई-टाइपच्या बॉनेटची ती रेषा कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. ज्याचे मन तेथेच गुंतले आहे, ज्याच्यापाशी ऐपत आणि जवळ जाणता मेकॅनिक आहे, त्याने ती जरूर घ्यावी. हिशेब आनंद हिरावून घेत नाही, तो आनंदाला आयुष्य देतो. गॅरेजात उभी राहिलेली ई-टाइप दर रविवारी धावणाऱ्या एमजीबीपेक्षा अधिक सुख देते, हे मला पटत नाही.

एमजीबीतही निवडीला वाव आहे. क्रोम बंपरच्या मोटारींना मान अधिक आणि भावही अधिक. १९७४च्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील नियमांमुळे तिला काळे रबरी बंपर आले आणि मोटारीची उंची थोडी वाढली. त्यामुळे वळणावर ती पूर्वीइतकी चपळ राहिली नाही. परंतु याच नावडीमुळे रबरी बंपरची निरोगी मोटार वाजवी भावात मिळते. ज्यांना दिखाव्यापेक्षा प्रवास प्रिय आहे, त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये. ज्यांना छत टपकणे, पहाटे इंजिन न लागणे हे काहीच सोसवणार नाही, त्यांनी १९८९मध्ये आलेली मझदा एमएक्स-५ पाहावी. जुन्या ब्रिटिश मोटारींचाच आदर्श तिने पुढे ठेवला, आणि २०१७मध्ये मझदाने जपानमध्ये तिच्या पहिल्या पिढीसाठी जीर्णोद्धाराची योजनाही जाहीर केली.

तात्पर्य, मोटार निवडताना आधी खाली वाकून पत्रा पाहावा, मग भागांची यादी, मग कागदपत्रे, आणि सर्वांत शेवटी डौल. या क्रमाने पाहणाऱ्यास प्रसिद्ध मोटार मिळेलच असे नाही. पण जी मिळेल, ती चालेल, आणि तिच्यासाठी दुसरे काही विकावे लागणार नाही.