आबांनीं बसावें कोठें ?

गेल्या दिवाळींत कोहमाऱ्याच्या आमच्या घरीं मुलांनीं एक खेळ मांडिला, आणि त्याचा शेवट आम्हां वडील मंडळींच्या कानउघाडणींत झाला. प्रसंग सांगतांना थोडा संकोच वाटतो. पण दोष आमचा असल्यामुळें तो आम्हींच सांगितलेला बरा.

आमची पुतणी नागपुरास गृहसजावटीचें शिक्षण घेते. ती सुटींत घरीं आली होती. एके सायंकाळीं मुलांनीं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या विनोदी मालिकेचे जुने भाग लाविले. २००१ सालीं अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका आमच्याप्रमाणेंच वाचकांपैकीं पुष्कळांनीं हौसेनें पाहिली असेल. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती आधारलेली, आणि आबा टिपऱ्यांची भूमिकाही त्यांचीच. त्यांच्या मुलाचें काम करणारे राजन भिसे हे तर स्वतः नामांकित नेपथ्यकार. तो धागा धरून पुतणी म्हणाली, “आपण टिपऱ्यांची बैठकीची खोली नव्यानें सजवूं या. प्रत्येकानें एकेक शैली घ्यावी आणि कागदावर काढून दाखवावी.”

आरंभीं तिनें एक गोष्ट समजावून दिली. अशा मालिकेंतील खोलीला बहुधा तीनच भिंती असतात. चौथीच्या जागीं कॅमेरे, म्हणजे पर्यायानें आपण. अमेरिकेंत १९५१ सालीं सुरू झालेली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका प्रेक्षकांसमोर नाटकासारखी होई, आणि ती एकाच वेळीं तीन कॅमेऱ्यांनीं टिपली जाई. पुढें अनेकांनीं तोच कित्ता गिरविला. म्हणून सोफा मध्यभागीं आणि त्याचें तोंड आपल्याकडे, एका अंगास बाहेरचें दार, दुसऱ्या अंगास स्वयंपाकघर; जेवणाच्या टेबलाची एक बाजू मात्र सदा रिकामी, कारण तेथें बसणाराची पाठ दिसेल. आमच्या झाडीपट्टींतील मुलांना हें समजण्यास वेळ लागला नाहीं. धानाचें पीक घरांत आलें कीं आमच्याकडे गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात. मागें दिवाणखान्याचा रंगविलेला पडदा सोडला, पुढें दोन खुर्च्या ठेविल्या, कीं तेथें श्रीमंताचा वाडा उभा राहतो.

थोरल्या पुतण्यानें पेशवाई थाट घेतला. सोफा काढून त्यानें गाद्या, लोड, तक्के मांडिले. सुरूचे खांब उभे करून त्यांवर महिरपी चढविल्या. छताला हंड्या-झुंबरें टांगलीं. आम्ही वाहवा करीत होतों, इतक्यांत सात वर्षांच्या धाकट्या नातीनें विचारलें, “आणि आबा कोठें बसतील ?” खरेंच, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला त्या गादीवरून उठविण्यास दोन माणसें लागलीं असतीं !

दुसऱ्यानें जुना इंग्रजी थाट उचलला. संगमरवरी फळीचें गोल टेबल, जड पडदे, आणि भोंवतीं वाफेनें वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांमुळें या जातीची खुर्ची आपल्या चांगली परिचयाची आहे. मूळ खुर्ची थोनेट नांवाच्या कारखानदारानें १८५९ सालीं व्हिएन्नांत काढिली : लाकडाचे अवघे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. पण नातीची हरकत कायम : “हिला हात नाहींत. आबांना डुलकी लागली तर ते पडतील.”

तिसऱ्याच्या वांट्यास आर्ट डेको आली. १९२५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनावरून या शैलीला नांव मिळालें. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील गोल कोपऱ्यांचीं घरें हिचींच, आणि २०१८ सालीं युनेस्कोनें त्यांना व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारशांत स्थान दिलें. १९३७ सालीं मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें ‘आदर्श घरा’चें प्रदर्शन भरलें होतें. सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत नव्या तऱ्हेच्या बैठकीची हौस उत्पन्न झाली ती याच सुमारास. कागदावरची खोली चकचकीत दिसत होती, परंतु तो ठेंगणा, खोल, गोलाकार सोफा पाहून नात म्हणाली, “आबा यांत रुततील.”

शेवटीं पुतणीनें स्वतःचें चित्र पुढें ठेविलें. जर्मनींतील बौहाउस ही कलाशाळा १९१९ ते १९३३ अशीं चौदाच वर्षें चालली, पण आजच्या सजावटीवर तिची छाप फार मोठी. तेथील मार्सेल ब्रॉयर यानें सायकलच्या वांकविलेल्या नळ्यांवरून कल्पना घेऊन पोलादी नळ्यांची खुर्ची बनविली. पुतणीच्या चित्रांत पांढऱ्या भिंती, तसलीच एक खुर्ची, आणि बाकी सर्व मोकळें. “जें नित्याच्या उपयोगाचें नाहीं, तें खोलींत ठेवावयाचें नाहीं,” तिनें सांगितलें.

नात क्षणभर चित्राकडे पाहत राहिली. मग समजूतदारपणें म्हणाली, “मग आबा आपल्या आजोबांसारखे आंतल्या खोलींत बसतील.”

कोणी कांहीं बोललें नाहीं.

वाचकहो, आदल्या उन्हाळ्यांत आम्हीं आपली बैठकीची खोली नवी केली होती. तींत दाराजवळ आमच्या थोरल्या काकांची वेताची आरामखुर्ची असे. त्यांचें वय आज चौऱ्याऐंशी. तेथून समोरची सपरी दिसे, आणि सपरीपलीकडे नागपूर–रायपूरचा हमरस्ता. गोंदियाची मोटार आली कीं कोण उतरलें, हें घरांत प्रथम त्यांना कळे. जाणाऱ्या-येणाऱ्यास “कसें काय ? केव्हां आलांत ?” असें विचारल्यावांचून ते सोडीत नसत. पण खुर्चीचा वेत सुटला होता, आणि नव्या सोफ्यापुढें ती दरिद्री दिसत होती. तेव्हां “आंत आपल्याला शांतता मिळेल” असें सांगून आम्हीं ती आंतल्या खोलींत नेली. काका एवढेंच म्हणाले, “तुमची सोय पाहा.”

चहा आंत जाऊं लागला, वर्तमानपत्र आंत जाऊं लागलें. त्यांना भेटावयास येणारे दोघे-तिघे नव्या सोफ्यावर अंग चोरून बसत आणि लौकर उठत. पुढें त्यांचें येणेंही थांबलें. काका अलीकडे फारसे बोलत नाहींत, हें आमच्या ध्यानांत आलें होतें. आम्ही म्हणत होतों, वय झालें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणीनें एक हकीकत ऐकविली. अमेरिकेंत १९७१ सालीं ‘ऑल इन द फॅमिली’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यांतील तापट घरधन्याची जुनी आरामखुर्ची १९७८ सालीं स्मिथसोनियन संग्रहालयानें जतन करण्यासाठीं घेतली, आणि ती मूळची मोडबाजारांतून आणलेली होती, असें सांगतात. लटक्या घरांतील खुर्चीचा एवढा मान ! ती हकीकत ऐकून आम्हीं मुकाट्यानें सोफा दोन हात सरकविला.

काका सहजीं आले नाहींत. “आतां तेथें वारा लागतो,” म्हणाले. शेवटीं नातीनें बोट धरून आणिलें. बसल्यावर त्यांनीं प्रथम रस्त्याकडे पाहिलें, आणि मग आमच्याकडे न पाहतां विचारलें, “समोरचें लिंबाचें झाड कधीं तोडलें रे ?” झाड पाडून चार महिने झाले होते.

पुतणीनें आपलें चित्र पुन्हां काढिलें. या खेपेस खुर्ची आधीं, भिंती मागाहून. आमच्या गृहिणींना तिची एक सूचना कळवितों. खोलींतील एकही वस्तु हलविण्यापूर्वीं एक दिवस नुसतें टिपून ठेवावें : कोण कोठें बसतें, कोणत्या वेळीं बसतें, तेथून त्यास काय दिसतें, वर्तमानपत्रावर उजेड कोणीकडून पडतो, आणि उठतांना हात कशावर टेकतो. वृद्धांची बैठक गुडघ्याइतकी उंच असावी व तिला भक्कम हात असावेत. हें साधलें, कीं मग थाट पेशवाई करा नाहींतर जर्मन.

वेत नवा विणून घेतला आहे. तरी ती खुर्ची सोफ्याशीं जुळत नाहीं, हें पाहुण्यांच्या नजरेस येतेंच. पण आलेला पाहुणा आधीं तिकडेच वळतो, आणि सोफा पुष्कळदां रिकामाच राहतो.