नाकापेक्षा मोती जड
घोलवडची दुर्बीण आणि आपला हिशेब

व्यापार-उदिमाच्या या पानावर दुर्बिणीचे काय काम, असा प्रश्न वाचकांस पडेल. हे पान चिकूच्या भावाचे, दुकानदारीचे, कर्जाचे आणि उधारीचे. परंतु गेल्या हिवाळ्यात घोलवडमध्ये आमच्यापुढे जो प्रश्न आला तो दुर्बिणीचा असला तरी मुळात धंद्याचाच होता. तो प्रश्न असा : धंद्याला लागणारे अवजार किती महाग असावे?

आमच्या परिचयातील एक तरुण घोलवडला राहतो. घरची थोडी चिकूची वाडी आहे. पाहुण्यांसाठी त्याने दोन खोल्या काढल्या आहेत. मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींना तो पहाटे वाडीत आणि मग बोर्डीच्या किनाऱ्यावर नेऊन पक्षी दाखवतो. हळद्या, तांबट, खंड्या, राखी धनेश, किनाऱ्यावर कुरव, चिखल्या, तुतवार. नावे त्याला तोंडपाठ आहेत. त्याच्याकडे एक साधी जुनी दुर्बीण आहे. एके दिवशी आलेल्या पाहुण्याने आपली परदेशी, उंची दुर्बीण त्याच्या हाती दिली. त्या सकाळपासून या मुलाचे मन आपल्या दुर्बिणीवरून उडाले. चौकशी केली तेव्हा अशा दुर्बिणीची किंमत अडीच लाखांच्या घरात निघाली. एवढी रक्कम हाताशी नाही. तेव्हा आईच्या बांगड्या तारण ठेवाव्यात की दुकानदार देतो त्या हप्त्यांवर घ्यावी, याचा मशवरा घेण्यासाठी तो आमच्याकडे आला.

आम्ही त्याला हसलो नाही. कारण त्या पाहुण्याची दुर्बीण आम्हीही डोळ्याला लावली होती, आणि नंतर दोन दिवस किमतीची पत्रके चाळत बसलो होतो. मोह कसा असतो हे आम्हांस कळते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

काय मिळते आणि काय मिळत नाही

प्रथम मालाची पारख. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. आता आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरच उघडते. याचा अर्थ असा की सकाळी दहा वाजता बोर्डीच्या वाळूवर उभे राहिल्यावर झोताचा बराचसा भाग डोळ्याबाहेरच सांडतो, मग दुर्बीण दहा हजारांची असो की अडीच लाखांची.

उंची दुर्बिणीत काही नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्हस्की किंवा जर्मनीच्या झाइस आणि लायका या कंपन्यांचा माल खरोखर उत्तम असतो. भिंगाची काच विशेष, त्यावरील लेप अधिक चांगले, कडेपर्यंत चित्र स्वच्छ, पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळट रेघ जवळपास नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात, दाट वाडीत, पानाआड बसलेल्या पक्ष्याचा रंग ओळखताना हा फरक जाणवतो. घोलवडच्या चिकूच्या वाड्या दाट आणि सावलीच्या. तेथे पहिल्या अर्ध्या तासात चांगल्या भिंगाचे मोल कळते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. रस्त्यावर मिळणारी, भिंगाला लाल चकाकी असलेली, ‘६०×६०’ असे अशक्य आकडे छापलेली हजार-दीड हजाराची दुर्बीण ही वस्तू नव्हे, खेळणे आहे. तिच्याकडून आठ-बारा हजारांच्या प्रामाणिक दुर्बिणीकडे गेले की डोळ्यांसमोरचा पडदा दूर होतो. तेथून वीस-पंचवीस हजारांपर्यंत गेले तर आणखी थोडा फायदा होतो. नायट्रोजन भरून बंद केलेली, पाणी व दमट हवा आत जाऊ न देणारी दुर्बीण याच टप्प्यात मिळते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत भिंगाला बुरशी चढते, म्हणून आमच्याकडे या गुणाचे महत्त्व मोठे. पण त्यापुढे किंमत दहापट वाढते आणि दिसणे दहापट वाढत नाही. ज्याला व्यापार कळतो त्याला हा उतार ओळखता आला पाहिजे.

शिवाय किनाऱ्यावर दुसरीच अडचण आहे. बोर्डीचा समुद्र उथळ. ओहोटीला पाणी फार आत जाते आणि पक्षी त्या पाण्याच्या काठाने दूरवर चरत असतात. तेथे अडीच लाखांची हातातली दुर्बीणसुद्धा आठपटच जवळ आणते. मग उपाय काय? भरतीची वेळ ओळखणे. चांदच्या चौदा-पंधरा तारखेस आपल्या किनाऱ्यावर दुपारी बारा-एकच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि पुढे रोज ती साधारण पाऊण तासाने उशिरा येते. भरतीच्या तास-दीड तास आधी जाऊन शांत बसले की पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे आणते. रमजानचा आणि ईदचा चांद पाहणाऱ्या आपल्या लोकांना हा हिशेब शिकायला कितीसा वेळ लागणार? या ज्ञानाला पैसा पडत नाही.

धंद्याचे गणित

आता वही उघडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम. त्यातील शनिवार-रविवार धरून तीस सकाळी काम मिळाले, दर सकाळी चार माणसे आणि माणशी चारशे रुपये, तर हंगामाची जमा अठ्ठेचाळीस हजार. रिक्षा, चहा, मदतनीस यांचा खर्च चौथा हिस्सा, म्हणजे बारा हजार वजा. हाती छत्तीस हजार राहिले. अडीच लाख फेडायला जवळपास सात हंगाम लागतील, तेही या पैशातून घरात एक पैसा न घालता!

आणि सात हंगामांची हमी कोण देणार? डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्यामुळे येथे मोठ्या कारखानदारीवर बंधने आली आणि वाडी, मासेमारी व पाहुणे यांवरच पुष्कळांची चूल पेटत राहिली. पण याच तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली आहे. किनारा, रस्ते, पक्ष्यांच्या जागा, यांत पुढे काय बदल होतील हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. अशा काळात सात वर्षांचे ओझे एका वस्तूवर टाकणे हे व्यापाराचे लक्षण नव्हे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. पाहुणा पैसे देतो ते स्वतःला पक्षी दिसला म्हणून. वाटाड्याला पक्षी किती सुरेख दिसला याचे पैसे कुणी देत नाही. आमच्या तरुणाकडे दुर्बीण एक आणि माणसे चार. पहिल्याने पाहून दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत हळद्या उडून जातो. म्हणजे त्याच्या धंद्याची उणीव भिंगाच्या प्रतीत नाही, संख्येत आहे. दहा हजारांच्या पाच दुर्बिणी घेतल्या तर पन्नास हजारांत प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात एकेक आणि स्वतःच्या गळ्यात एक. ही रक्कम दीड हंगामाच्या आत निघते. एक हरवली किंवा मुलाच्या हातून वाळूत पडली तरी माणूस उद्ध्वस्त होत नाही.

घोलवडच्या माणसाला हे दुसऱ्या शब्दांत सांगता येईल. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते फळाच्या गोडीमुळे आणि या मातीमुळे. चिकू कोणत्या तराजूत तोलला हे गिऱ्हाईक विचारीत नाही. तराजू खरा असला म्हणजे झाले.

हप्ता, व्याज आणि नियत

आता हप्त्यांविषयी. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी आज सर्रास दिसते. आमची विनंती आहे की कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. पुष्कळ ठिकाणी कार्डाची बँक व्याज लावतेच आणि दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो. पावतीवर व्याज म्हणून रक्कम लिहिलेली असते, त्या व्याजावर करही लागतो. रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्यास मिळत नाही, हे वेगळेच. असा व्यवहार जाइज की नाजाइज, हे आपल्या विश्वासातील आलिमांना कागद दाखवून विचारावे. सोने तारण ठेवून घेतलेल्या बँकेच्या कर्जात तर व्याज उघडच आहे. तेथे विचारण्यासारखे काही उरत नाही.

आखातात असलेल्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून दुर्बीण मागवण्याचाही विचार काहींच्या मनात येतो. त्यात गैर काही नाही. मात्र मोफत सामानाच्या मर्यादेवर किंमत गेली तर सीमाशुल्क भरावे, लपवू नये; आणि तिकडची हमी इकडे चालते का ते आधी पाहावे. लाखांची वस्तू बिघडली आणि दुरुस्तीला परदेशी पाठवण्याची वेळ आली तर स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

इस्राफ म्हणजे केवळ लग्नातील जेवणावळी नव्हे. गरजेपलीकडे जाऊन, दुसऱ्याच्या हातातले पाहून केलेला खर्च हाही इस्राफच. अवजारावर जकात नसते, म्हणून पेटीतली रक्कम महागड्या अवजारात गुंतवली की जकातही वाचली, असा हुशारीचा हिशेब एकाने आम्हांस ऐकवला. अशी हुशारी कमाईतली बरकत घालवते, एवढेच आम्ही त्यास म्हणालो.

जे दुकानदार आहेत त्यांनाही दोन शब्द. गिऱ्हाइकाला त्याचे काम विचारा, खिसा विचारा, मग वस्तू दाखवा. मालातला ऐब सांगणे जसे विकणाऱ्याचे कर्तव्य, तसे ‘तुमच्या कामाला एवढी महाग लागणार नाही’ हे सांगणेही तिजारतीच्या इमानात मोडते. असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

एका मोठ्या माणसाचा दाखला

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव वाचकांस ठाऊक आहेच. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात १८९६ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले होते. मुंबईत दावर कॉलेजात त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबाचेही शिक्षण घेतले. पुढे ब्रह्मदेशातला तो धंदा बुडाला. नंतर मुंबईच्या संग्रहालयातील नोकरीही गेली. तेव्हा १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. शिडीवर आडोसा उभारून, तासन्‌तास बसून, घरट्यांची नोंद ठेवली. नर अनेक घरटी बांधतो आणि मादी घरटे पसंत करून मगच तेथे राहते, हा सारा व्यवहार त्यांनी उलगडला. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. लागले काय? शिडी, वही, वेळ आणि सबुरी. त्यांना मोटारसायकलींचा मात्र भारी शौक होता. १९५० साली स्वीडनमधील पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल युरोपात नेली होती. शौक माणसाला असावा. तो शौक आहे हे ओळखावे आणि धंद्याच्या खर्चात मांडू नये, एवढेच.

तात्पर्य

उंची दुर्बीण कोणी घेऊच नये, असे आमचे मत नाही. ज्याचे पोट पक्षिगणनेच्या कामावर आहे, जो वर्षातले दोनशे दिवस पहाटे रानात उभा असतो, ज्याच्याकडे हलाल कमाईची रोख शिल्लक आहे, ज्याने जकात आणि घरच्यांचे हक्क आधी पुरे केले आहेत, त्याने जरूर घ्यावी. अशी वस्तू नीट जपली तर वीस-पंचवीस वर्षे चालते आणि त्याला ती महाग पडत नाही. इतरांनी निदान एक हंगाम थांबावे. किती सकाळी केवळ भिंगामुळे पक्षी ओळखता आला नाही, हे वहीत लिहावे. उशिरा पोचल्यामुळे, भरतीची वेळ चुकल्यामुळे किंवा बोलत राहिल्यामुळे किती पक्षी गेले, हेही लिहावे. हंगामाच्या शेवटी दोन्ही आकडे समोर ठेवावेत. आमची स्वतःची वही आम्ही अशी ठेवली. भिंगाच्या रकान्यात तीन नोंदी झाल्या. दुसऱ्या रकान्यात आम्ही पुढे मोजणे सोडून दिले.

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. दोन दुर्बिणी आता घ्याव्यात, बाकीच्या हंगामाच्या कमाईतून. रात्री त्या कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवाव्यात, आणि भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय सोडावी. तो विचार करतो म्हणाला. त्याच्या आईच्या बांगड्या तिच्या हातातच राहोत आणि अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो.