विश्लेषण : साध्या औषधांनी बरे होणारे गुप्तरोग हाताबाहेर का जातात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२५ मध्ये परमा अर्थात गनोरियावरील दोन नव्या औषधांना मान्यता दिली. झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन अशी त्यांची नावे. दोन्ही तोंडावाटे घ्यायची आहेत. या आजारासाठी पूर्णपणे नव्या पद्धतीने काम करणारे औषध कित्येक दशकांनी आले आहे. एकेकाळी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बऱ्या होणाऱ्या आजारासाठी नवे औषध का शोधावे लागले आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या इतर संसर्गांचे काय, याविषयी…

प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात १५ ते ४९ या वयोगटात दररोज १० लाखांहून अधिक जणांना बऱ्या होऊ शकणाऱ्या लैंगिक संसर्गाची लागण होते. २०२० या एका वर्षात चार प्रमुख संसर्गांची सुमारे ३७.४ कोटी नवी प्रकरणे झाल्याचा अंदाज आहे. त्यात ट्रायकोमोनियासिस १५.६ कोटी, क्लॅमिडिया १२.९ कोटी, गनोरिया ८.२ कोटी आणि सिफिलिस ७१ लाख. सिफिलिसची नवी प्रकरणे २०२२ मध्ये ८० लाखांवर गेली. क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस ही नावे आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, तरी या चौघांत सर्वाधिक लागण त्यांचीच आहे.

कोणते आजार बरे होतात, कोणते नाहीत?

वर उल्लेखलेले चारही संसर्ग बरे होतात. गनोरिया, क्लॅमिडिया आणि सिफिलिस (बोलीभाषेत गरमी) जिवाणूंमुळे होतात, तर ट्रायकोमोनियासिस परजीवीमुळे. विषाणूंमुळे होणारे चार प्रमुख संसर्ग म्हणजे हर्पिस, एचपीव्ही, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही. औषधांनी त्यांवर नियंत्रण ठेवता येते, मात्र विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकणारे औषध सरसकट उपलब्ध नाही. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकांमध्ये एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. काही महिलांमध्ये तो टिकून राहतो आणि पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण ठरतो. एचआयव्हीची औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली राहिले, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.

उपचार नेमके काय असतात?

सिफिलिसवर आजही पेनिसिलिनच वापरले जाते. सुरुवातीच्या टप्प्यात बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. संसर्ग जुना असेल किंवा कधी झाला हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. १९४३ मध्ये या आजारावर पेनिसिलिनचा पहिल्यांदा वापर झाला. त्यानंतर आठ दशके उलटली, तरी सिफिलिसच्या जिवाणूला या औषधापासून स्वतःचा बचाव करता आलेला नाही. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस घ्याव्या लागतात. गर्भवतींना त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. ट्रायकोमोनियासिसवर मेट्रोनिडॅझोल किंवा त्याच वर्गातील औषध चालते. हर्पिसमध्ये असायक्लोव्हिरने फोड लवकर सुकतात, पण विषाणू मज्जातंतूंमध्ये सुप्त राहत असल्याने त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

मग गनोरियाच औषधांना दाद का देत नाही?

या जिवाणूचा गुणधर्म असा, की तो आजूबाजूच्या इतर जिवाणूंकडून जनुके उचलतो. घशात तो निरुपद्रवी जिवाणूंच्या शेजारी मुक्काम करतो. हे शेजारी आपण सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांना सरावलेले असतात. त्यांची ती क्षमता गनोरियाच्या जिवाणूकडे येते. त्यामुळे १९३० च्या दशकातील सल्फा औषधे, नंतर पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही सारी एकेक करून निकामी झाली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधे गनोरियासाठी वापरू नयेत असे सांगितले, तर २०१२ मध्ये सेफिक्झिमच्या गोळ्या पहिल्या पसंतीतून काढल्या. तिथे आता सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन हाच मुख्य आधार आहे आणि त्यालाही न जुमानणारे जिवाणू काही देशांत सापडले आहेत. नव्या औषधांचे महत्त्व यामुळेच. भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा गनोरिया सर्वत्र आढळतो. तरीही लघवीला जळजळ होते म्हटले, की औषधाच्या दुकानातून सर्रास मिळणारी गोळी अनेकदा त्याच वर्गातील असते.

भारतात उपचारांची पद्धत कशी आहे?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. देशभरात त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. लक्षणांनुसार औषधांचे सात रंगीत संच ठरवून देण्यात आले. स्रावासाठी करडा, अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीसाठी हिरवा, जखमेसाठी पांढरा, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास निळा, हर्पिससाठी लाल, महिलांच्या ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळा आणि जांघेतील गाठीसाठी काळा. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रुग्ण परत येईलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी पहिल्याच भेटीत शक्यता असलेल्या सगळ्या जिवाणूंवर एकत्र उपचार करायचे, हा त्यामागचा विचार. व्यवस्था म्हणून ही मांडणी सोपी आणि स्वस्त आहे. तिची मर्यादा एकच, पण मोठी. ती सुरू होते लक्षणापासून.

लक्षणेच नसतील तर?

क्लॅमिडिया आणि गनोरिया झालेल्या बहुसंख्य महिलांना सुरुवातीला काहीही जाणवत नाही. संसर्ग वर सरकत गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो, तिथे व्रण राहतात आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर नलिका बंद असल्याचे कळते. याउलट अंगावरून पांढरे जाण्याची प्रत्येक तक्रार लैंगिक संसर्गाचीच असते असे नाही. योनीमार्गातील जिवाणूंचे संतुलन बिघडल्याने किंवा बुरशीमुळेही तसे होते. त्यामुळे चाचणीशिवाय निष्कर्ष काढला, तर एकीकडे आजार सुटतो आणि दुसरीकडे विनाकारण संशयाने संसार ढवळून निघतो.

सिफिलिसची फसवणूक वेगळी. पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. दुकानातून आणलेले मलम लावले असेल, तर त्यानेच गुण आला असे वाटते. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. त्यानंतर कित्येक वर्षे शांतता. उपचार न झालेल्यांपैकी काहींमध्ये पुढे हृदय, मेंदू आणि मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

गर्भवतींच्या चाचणीवर इतका भर का?

सिफिलिस वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. त्यातून गर्भपात, मृत बाळ जन्मणे, बाळाला जन्मतःच आजार असणे असे धोके असतात. ते टाळण्यासाठी गरोदरपणातील पहिल्याच तपासणीत एचआयव्हीसोबत सिफिलिसची चाचणी (अनेक ठिकाणी तिला व्हीडीआरएल म्हणतात) होणे आवश्यक आहे. निदान झाले, तर पेनिसिलिनने आई आणि बाळ दोघांवर उपचार होतात. गरोदरपणात या औषधाला खात्रीचा पर्याय नाही. त्यामुळे सरकारी रुग्णालयात या एका स्वस्त इंजेक्शनचा साठा असणे फार महत्त्वाचे ठरते.

जोडीदारावर उपचार का गरजेचे?

एकट्या रुग्णाने औषध घेतले आणि जोडीदार तसाच राहिला, तर संसर्ग पुन्हा परततो. मग औषध लागू पडले नाही असे समजून दुसरे, त्याहून जहाल प्रतिजैविक घेतले जाते. उपचार दोघांनी घ्यायचे आणि ते पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत शरीरसंबंध टाळायचे, असा वैद्यकीय सल्ला असतो. प्रत्यक्षात साखळी तुटते ती इथेच. बायकोचा अहवाल दोषी आला, तर नवऱ्याने स्वतःची तपासणी करून घेण्याऐवजी तिच्याच चारित्र्यावर प्रश्न उपस्थित होतो. आजार कोणाकडून कोणाकडे गेला हे अहवालावरून सहसा सांगता येत नाही. तो किती जुना आहे, हेही अनेकदा कळत नाही.

प्रतिबंध कसा करता येतो?

निरोधच्या योग्य आणि नियमित वापराने बहुतेक संसर्गांचा धोका बराच घटतो. त्वचेच्या स्पर्शातून पसरणाऱ्या हर्पिस आणि एचपीव्हीपासून मात्र पूर्ण संरक्षण मिळत नाही. हेपॅटायटिस बी आणि एचपीव्हीसाठी लस उपलब्ध आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्हीवरील देशी लस जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली. शरीरसंबंधांना सुरुवात होण्यापूर्वी, किशोरवयात ती घेतल्यास सर्वाधिक फायदा होतो. एचआयव्हीचा संपर्क झाल्याची शंका असल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. हा कालावधी टळला, की त्यांचा उपयोग राहत नाही.

चाचणी कधी आणि कुठे करावी?

जखम, फोड, स्राव, लघवीला जळजळ, जांघेत गाठ किंवा ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही असल्यास त्वचा व गुप्तरोग विभाग, स्त्रीरोग विभाग किंवा सुरक्षा क्लिनिक गाठावे. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘शर्तिया इलाज’ लिहिणाऱ्यांकडे जाण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. लक्षणे नसली तरी असुरक्षित संबंध आल्यास चाचणी करून घ्यावी. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या बाबतीत ती दुसऱ्याच दिवशी केली, तर संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते. एचआयव्ही चाचणीसाठी संमती घेणे आणि अहवाल गोपनीय ठेवणे हे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नॅकोच्या १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता जवळच्या केंद्राची माहिती घेता येते.