सिस्टरचा शेवटचा आठवडा



आपल्या समाजात आता बऱ्याच घरांत एखादी सिस्टर राहून गेलेली असते. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन, सासऱ्यांना पक्षाघात, मुलं पुण्या-बंगळूरला आणि आपलीही साठी उलटलेली. मग ब्युरोला फोन होतो आणि दोन-तीन महिन्यांसाठी चोवीस तासांची सिस्टर येते. कुणी तीन वर्षांचं जीएनएम केलेली, कुणी दोन वर्षांचं एएनएम, तर कुणी काम करता करता शिकलेली. इथलं काम संपलं की ती बॅग उचलून पुढच्या गावी, पुढच्या घरी. आज सांगली, उद्या नाशिक.

ती येते तेव्हा आपण आधार कार्ड बघतो, खोली दाखवतो, देवघर-स्वयंपाकघराचे नियम समजावतो. जाताना मात्र सगळं घाईत उरकतं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या व्रतांची खरी परीक्षा तिच्या शेवटच्या आठवड्यात होते.

तिची जायची तारीख ठरली की घराचं वागणं कसं बदलतं ते आठवून बघा. "आता जाणारच आहे, तर जाता जाता माळा आवरून घेऊ." "बदली बाई येईपर्यंत थांब, मग हिशोब करू." आणि निघायच्या दिवशी कुणीतरी हळूच म्हणतं, "बॅग बघून घेतली का?"

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. दुसरा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणंपिणं अडवणं. प्रवचनात उदाहरण बैलाचं येतं. आता आपल्या दारात बैल नाही, पण रात्री दर दोन तासांनी उठून आजींची कूस बदलणारी मुलगी आहे. तिला दुपारी दोन तास झोप मिळायलाच हवी. त्या दोन तासांत माळा आवरायला लावला, तर ते अतिभारारोपणच.

जेवणाचंही तसंच. आपण सूर्यास्ताआधी जेवतो आणि ओटा पुसून मोकळ्या होतो. रात्रिभोजनत्याग आपण घेतला आहे, तिने नाही. तिच्यासाठी पोळी-भाजीचा डबा झाकून ठेवणं, थर्मासमध्ये दूध भरून ठेवणं याने आपला नियम मोडत नाही. कांदा-बटाटा घरात नको म्हणायचा हक्क आपल्याला आहे. तिने उपाशी जागावं असं म्हणायचा नाही. आणि निघताना तिला प्रवासाचा डबा भरून द्या. दशमी, चटणी, काहीही.

आता हिशोब. मी कॉमर्सची, त्यामुळे इथे जरा थांबते. समजा महिना 24,000 रुपये ठरला आणि शेवटच्या महिन्यात ती 18 दिवस राहिली. 24,000 भागिले 30 म्हणजे दिवसाचे 800. गुणिले 18, म्हणजे 14,400. उचल घेतली असेल तर ती वजा करा, उरलेली रक्कम कागदावर लिहा, दोघींनी सही करा आणि निघायच्या आदल्या दिवशी द्या. ब्युरोमार्फत पैसे जात असतील तर तिच्या हातात किती पडतात ते विचारा. साडी दिली, मिठाई दिली म्हणून पगारातले पाचशे इकडेतिकडे करायचे नाहीत. बक्षीस वेगळं, पगार वेगळा. माप कमी-जास्त करणं हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे आणि दिवस मोजणं हेही मापच. ती थांबावी म्हणून पगार अडकवून ठेवणं तर त्याहून वाईट.

बॅगेबद्दल एवढंच म्हणेन: दागिने पहिल्या दिवशीच लॉकरमध्ये ठेवा आणि शेवटच्या दिवशी बॅगेला हात लावू नका. तीन महिने जिच्या हातात आईचा जीव दिला, तिचा असा अपमान करायचा नसतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र आपलंच होतं, कारण आपण तिच्याकडून काम समजून घेत नाही. हॉस्पिटलमध्ये ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची माहिती देते. घरी ती कुणाला देणार? आपण तर तिच्या जागी येणाऱ्या बाईला फोन करण्यात गुंतलेल्या असतो. आठवड्यातले पहिले तीन दिवस तिच्या शेजारी उभं राहून बघा. पुढचे दिवस हात आपले आणि नजर तिची असू दे. कूस बदलताना कुठे आधार द्यायचा, उठवल्यावर लगेच उभं न करता पलंगाच्या कडेला थोडं का बसवायचं, माकडहाडाजवळ आणि टाचांवर लाली आली का ते रोज कसं बघायचं. नवऱ्याला आणि मुलालाही उभं करा. हे काही फक्त सुनांचं खातं नाही.

आमच्या सासूबाईंकडे आलेल्या सिस्टरने जाण्याआधी बीपी-शुगरच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं: "गोळी दिल्यावर आजींना तोंड उघडायला सांगा. त्या गोळी गालात धरून ठेवतात." डॉक्टरांच्या फाइलमध्ये हे कुठेच नव्हतं.

आजींना काय सांगायचं, हाही प्रश्न येतो. त्या रडतील म्हणून अनेक घरांत सिस्टर पहाटे त्या झोपेत असताना निघून जाते. मला हे पटत नाही. जाग आल्यावर ओळखीचा हात नाही म्हटल्यावर म्हातारं माणूस जास्त घाबरतं. ज्यांचं भान शाबूत आहे त्यांना चार दिवस आधी सांगावं, निरोप समोरासमोर होऊ द्यावा. ज्यांना विस्मरण आहे त्यांना त्या दिवशीच, आणि पुन्हा पुन्हा, शांतपणे सांगावं. अनित्य भावना आपण रोज म्हणतो. मग आईच्या डोळ्यांतलं पाणी टाळायला खोटं कशाला?

वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी तिसरं. मुळात ते साधूंच्या सेवेसाठी सांगितलेलं. सिस्टर पगार घेते, तिची तुलना मी आर्यिका माताजींशी करत नाही. पण आजारी माणसाचं अंग पुसण्याचं जे काम आपण तप म्हणून ऐकतो, ते आपल्या घरात तिने केलं. पर्युषण संपल्यावर आपण नात्यागोत्यात फोन करकरून उत्तम क्षमा म्हणतो. तीन महिन्यांत तिला किती वेळा टाकून बोललं गेलं असेल, याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाने मनाशी करावा आणि ती दारात असतानाच तिची क्षमा मागावी.

मग अनुभवाचं चार ओळींचं पत्र द्या, सहीनिशी, तारखा घालून. पुढच्या घरी तिला त्याचा उपयोग होतो. आणि रिक्षापर्यंत तिची बॅग घरातल्याच कुणीतरी उचलावी.